पन्नासची लेन्स, तेराची ट्यूब आणि करडईचं शेत

कॅननची ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही लेन्स २०१५ साली आली आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या बॅगेत कायमची जाऊन बसली. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, फिल्टरचा व्यास ४९ मिमी, अ‍ॅपर्चरची पाती (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) सात. तिच्याबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक चेहऱ्यांबद्दल. हा रिव्ह्यू फुलांसाठी आहे, आणि फुलांतही एकाच कामासाठी: फुलाचा एखादाच भाग धारदार, बाकीचं विरघळलेलं, रंग अंगावर न येणारे. सोबत १३, २१ आणि ३१ मिमीच्या तीन एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ कड्यांचा) सेट. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा, कॅननच्या १५००डी किंवा २००डीच्या पंगतीतला.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. लेन्स घ्या, १३ची ट्यूब घ्या. २१ची अधूनमधून लागेल. ३१ची सेटमध्ये येतेच, येऊ द्या. आणि ज्या एफ १.८ साठी, म्हणजे सर्वांत मोठ्या भोकासाठी, लेन्स घेतली तो आकडा फुलांपुरता बाजूला ठेवा.

आता कारणं. ही लेन्स एकटी असेल तर फुलांना तोकडी पडते. ३५ सेंटीमीटरच्या आत ती फोकस करत नाही. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नव्हे. तोंडापासून एका वितीहून थोडं जास्त उरतं. तिथे ती वस्तू सेन्सरवर ०.२१ पट उमटवते, म्हणजे फ्रेमच्या रुंदीत साडेदहा सेंटीमीटर मावतात. कपाशीचं फूल त्यात बरं बसतं. करडईचं बोंड मध्येच कुठेतरी लटकल्यासारखं दिसतं. जवसाचं फूल तर शोधावं लागतं. गंमत म्हणजे १५००डीसोबत येणारी १८-५५ किट लेन्स हिच्याहून जवळ जाते: २५ सेंटीमीटर आणि ०.३४ पट. तरीही किटने काढलेल्या फुलामागचा विजेचा खांब खांबच दिसतो आणि पन्नासने काढलेल्या फुलामागे तो गायब होतो.

हे असं का, हे आकड्यांत एकदा बघितलं की पुढचं सगळं सोपं. दूरच्या एका प्रकाशबिंदूचा सेन्सरवर केवढा धूसर गोळा होतो, ते दोनच गोष्टींवर ठरतं: वस्तू किती पट उमटतेय आणि लेन्सचं भोक किती मोठं आहे. दोन्हींचा गुणाकार करायचा. भोक म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातले मिमी) भागिले एफ-नंबर. किट लेन्स ५५ मिमीला आणि एफ ५.६ ला असताना भोक जेमतेम १० मिमी, गुणिले ०.३४ केलं की गोळा ३.३ मिमी. पन्नासची लेन्स एफ १.८ ला: भोक २८ मिमी, गुणिले ०.२१, गोळा ५.८ मिमी. सेन्सरची रुंदी २२.३ मिमी धरली तर दूरचा एक ठिपका फ्रेमचा पाव भाग व्यापतो. खांब जातो तो इथे.

आता मध्ये १३ मिमीची ट्यूब लावा. ट्यूबमध्ये काच नसते, पोकळ कडंच ते. लेन्सला सेन्सरपासून पुढे ढकलतं एवढंच त्याचं काम. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, तेवढा पट वाढतो. १३ भागिले ५० म्हणजे ०.२६. लेन्सचे स्वतःचे ०.२१ मिळवले की ०.४७. आता अ‍ॅपर्चर एफ २.८ वर आणलं तरी गोळा ८.४ मिमीचा, आणि एफ ४ वर आणलं तरी ५.९ मिमीचा. म्हणजे ट्यूबसकट एफ ४ ला मागचं जितकं विरघळतं, तितकंच ट्यूबशिवाय एफ १.८ ला विरघळत होतं. शिवाय फूल दुपटीहून मोठं आणि काच सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बंद केल्यामुळे कितीतरी स्वच्छ. ट्यूबच्या पैशांची वसुली इथेच होते.

एफ १.८ टाळायचं ते दोन कारणांनी. पहिलं, खोली. ०.४७ पटीला आणि एफ १.८ ला फोकसमध्ये येणारी जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असते. करडईच्या बोंडातून वर आलेल्या एका केसराचं टोक धारदार आणि त्याच्याच खालचं देठाकडचं टोक गेलेलं, असा प्रकार. एफ २.८ ला ही जाडी पाऊण मिलिमीटरच्या जवळ जाते, एफ ४ ला एक मिलिमीटर, एफ ५.६ ला दीडच्या जरा आत. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण फुलावर एक मिलिमीटर म्हणजे दोन-तीन केसरांचा झुबका आणि पाकळीची एक कड. नजरेला टेकायला तेवढी जागा लागते. काहीच धारदार नसलेल्या फोटोला मऊ म्हणत नाहीत, हुकलेला म्हणतात.

दुसरं कारण रंगाचं. या लेन्सला पूर्ण उघडल्यावर पांढऱ्या कडांना जांभळी झाक येते आणि फोकसच्या मागच्या कडांना हिरवी. मोगरा, तगर, पांढरी शेवंती, पाकळीवरचं दहिवर, जिथे पांढरं गडदाला भिडतं तिथे ती लगेच दिसते. ही झाक फ्रेमच्या मधोमधही येते, आणि सॉफ्टवेअरमध्ये काढायला गेलं की फुलाचा खरा जांभळाही धुतला जातो. वांग्याच्या फुलावर करून बघा. एफ २.८ ला ती बरीच कमी होते, एफ ४ ला जवळपास जाते. मात्र झेंडू, सूर्यफूल अशी पिवळी-केशरी फुलं मंद उजेडात काढायची असतील तर एफ २ चालून जातं. पूर्ण उघड्या काचेला जो किंचित दुधी उजाळा असतो, तो पिवळ्यावर शोभतो.

सात पात्यांमुळे एफ २.८ नंतर मागचे चमकदार ठिपके गोल न राहता सात कोनांचे होतात. मागे पानांतून झिरपणारं ऊन असेल तरच हे जाणवतं. आधीच्या ईएफ ५० एफ १.८ II ला पाचच पाती होती, तिचे पंचकोन डोळ्यात खुपायचे. त्यामानाने ही बरी.

ट्यूब लावल्यावर एक गोष्ट विसरायची नाही: दूरचं काहीही फोकस होत नाही. १३च्या ट्यूबने लेन्सच्या तोंडापासून साधारण २१ सेंटीमीटर ते १२-१३ सेंटीमीटर एवढ्याच पट्ट्यात काम चालतं. २१च्या ट्यूबने हा पट्टा १४ ते १० वर येतो. ३१ला तो जेमतेम दोन सेंटीमीटरचा, तोंडापुढे ८ ते १० सेंटीमीटरवर. एवढं जवळ गेलं की लेन्सची सावलीच फुलावर पडते, फुलावरची माशी उडते, आणि पुढचं पान धूसर करून फ्रेममध्ये घ्यायला जागाच राहत नाही. तिन्ही जोडल्या तर पट दीडच्या वर जातो. तो खेळ पुंकेसराच्या टोकावरचा परागकण बघायचा असेल तर घरात, ट्रायपॉडवर. शेतात नाही.

उजेडही घटतो. पट जितका वाढेल तितका. ०.४७ पटीला साधारण एक स्टॉप जातो, ०.८३ ला पावणेदोन. कॅमेरा लेन्समधूनच उजेड मोजतो, त्यामुळे एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण उजेड) आपोआप जुळतं, पण शटर हळू झालेलं लक्षात येत नाही आणि फोटो हलतो. फुलासाठी १/२५० च्या खाली जाऊ नका, वारा असेल तर १/५००. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० ते ८०० बिनधास्त ठेवा. धूसर पार्श्वभूमीत दाणे दिसतात हे खरं, पण हललेल्या केसरापेक्षा दाणे परवडले.

मराठवाड्यात या कामाचा खरा शत्रू म्हणजे ऊन. नऊ वाजून गेले की जानेवारीतसुद्धा करडईच्या पिवळ्यावर पांढरट डाग पडतात, बोंडाच्या काट्यांच्या काळ्या सावल्या पडतात, आणि कोणतीही लेन्स ते मऊ करून देत नाही. धूसर पार्श्वभूमीतसुद्धा ऊन-सावलीचे तुकडे ठिगळांसारखे दिसतात. सात ते साडेआठ ही खरी वेळ. दहिवर पानांवर असतं, वारा उठलेला नसतो, आणि जवसाचं निळं फूल उघडलेलं असतं. जवसाला उशीर चालत नाही. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. कपाशीला उलट दोन दिवस मिळतात. पहिल्या दिवशी फूल दुधी पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही रंग सापडले तर पुढे दुधी धारदार आणि मागे हातभर अंतरावर गुलाबी विरघळलेलं, यासारखी सोपी रंगसंगती शोधून सापडणार नाही.

ऊन टाळता येत नसेल तर कापड धरा. जुन्या पांढऱ्या सुती धोतराचा मीटरभर तुकडा, दोन पदरी, दोन काठ्यांना बांधून फुलाच्या वर दोन-अडीच फुटांवर. फार जवळ आणला तर कापडाची वीण पाकळीवरच्या पाण्याच्या थेंबात दिसते, फार वर नेला तर सावलीच्या कडेने ऊन आत शिरतं. नुसतं फूल झाकून भागत नाही, फ्रेममध्ये दिसणारी मागची पानंही सावलीत हवीत. नाहीतर फूल मंद आणि पार्श्वभूमी भगभगीत. छत्री धरायची असेल तर पांढरी. काळ्या छत्रीखाली सावली मिळते पण ती निळसर, आणि रंगीत छत्री आपला रंग फुलावर टाकते. लाल छत्रीखालची तगर गुलाबी दिसते, मग तिला कितीही व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सुधारणारी सेटिंग) द्या.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. फ्रेम पिवळ्याने भरली की ऑटो गोंधळतो आणि निळं मिसळतो. तीच करडई एका फोटोत लिंबू, दुसऱ्यात हळद. कापडाखाली किंवा ढगाळ हवेत ‘क्लाउडी’, म्हणजे साधारण ६००० केल्विन, पक्कं ठेवा. झाडाच्या सावलीत ‘शेड’, ७०००. सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘डेलाइट’, ५२०० ठीक. उन्हाची ऊब मारू नये.

रंग मऊ करायचा म्हणजे सॅच्युरेशन ओढून फिकट करायचं असं नव्हे. असं केलं की फूल वाळल्यासारखं दिसतं. कमी करायचा तो कॉन्ट्रास्ट. पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’, कॉन्ट्रास्ट उणे २, सॅच्युरेशन उणे १, शार्पनेस आहे तसा. ‘लँडस्केप’ला हातही लावू नका, हिरवा रंग प्लास्टिकचा करून ठेवतो. एक्स्पोजर हलक्या रंगांना अधिक २/३ ते अधिक १ स्टॉप: तगर, मोगरा, अंबाडीचं फिकट पिवळं फूल. अंबाडीच्या फुलाच्या तळाशी गडद मरून डोळा असतो. एक्स्पोजर वाढवल्याने तो काळा पडत नाही, मखमलीसारखा उघडतो.

लाल फुलांचा नियम उलटा आहे, आणि सर्वांत जास्त फोटो तिथेच वाया जातात. जास्वंद आणि पळस यांचा लाल चॅनल बाकी दोन्हींच्या आधी भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितला तर सगळं ठीक दिसतं, कारण तो तिन्ही रंगांची सरासरी सांगतो. स्क्रीनवर आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम लावा. लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पाकळीवरच्या शिरा, वळ्या, सगळं गेलं. उरला एक सपाट लाल थर. उणे २/३ वर घ्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या, नंतर सावल्या उचला. जेपेगमध्ये उडालेला लाल परत येत नाही.

आता पुढचं पान. मऊ रंगाचे फोटो बहुतेकदा मागच्या धूसरपणावर नाही तर पुढच्यावर उभे असतात, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. लेन्सच्या तोंडाजवळ, दोन-तीन सेंटीमीटरवर, एखादं पान किंवा दुसरं फूल येऊ द्यायचं, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून किंवा एका बाजूने. एवढ्या जवळ ते इतकं पसरतं की त्याचा आकार राहत नाही, रंगाची वाफ राहते. हेच पान फुलाच्या जवळ, अर्ध्या अंतरापलीकडे गेलं की वाफ होत नाही. अर्धवट कडा दिसतात आणि फ्रेमवर कुणीतरी बोट फिरवल्यासारखं वाटतं. पानावर ऊन नको, नाहीतर पांढरा पडदा येऊन फुलाचाही रंग धुतला जातो. त्याने लेन्सचा मध्य झाकू नये. लेन्सचा एक तृतीयांश भाग झाकला जाईल इतपत ठीक, त्यापुढे फूलच दुधात बुडतं. करडईत पुढचा पडदा म्हणून करडईचं पान घेऊ नये, त्याचे काटे धूसर होऊनही रेघा ओढतात. जुनं, केशरी-तांबूस पडत आलेलं करडईचं फूलच पुढे घ्यावं. ताजं पिवळं मागे धारदार, पुढे तांबूस धुकं. रंग एकाच घरातले असल्याने भांडत नाहीत.

मागच्या बाजूला फुलापासून निदान दीड हात मोकळं हवं. एवढ्या अंतरावर पूर्ण धूसरपणाच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे मिळतो. अर्ध्या हातावर फांदी असेल तर एफ १.८ सुद्धा वाचवत नाही. वाळलेल्या काड्या, ठिबकची काळी नळी, तार असली की ती विरघळण्याऐवजी दुहेरी रेघ होऊन दिसते. अशा वेळी अ‍ॅपर्चरशी खेळत बसू नका. गुडघ्यावर बसा, चार इंच उजवीकडे सरका. काडी फ्रेमबाहेर जाते आणि मागे दूरच्या ज्वारीचा हिरवा येतो.

फोकस ऑटोवर सोडायचा नाही. ट्यूब लावल्यावर मोटर पुढे-मागे चाचपडत राहते. लेन्स ‘एमएफ’वर (हाताने फोकस), रिंग फिरवून हवा तो पट ठरवा, आणि मग रिंगला हात न लावता अंग पुढे-मागे करून फोकस आणा. व्ह्यूफाइंडरवर विश्वास ठेवू नका. त्याची काच एफ २.८ पेक्षा उघड्या अ‍ॅपर्चरची खरी खोली दाखवतच नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) लावा, ५ पट मोठं करा, हवा तो केसर चौकटीत घ्या. १० पटीला हात एवढा थरथरताना दिसतो की घाबरायला होतं; ते ट्रायपॉडवाल्यांसाठी. श्वास अर्धा सोडून, सलग पाच-सहा फ्रेमचा झोत. माणूस उभ्या-उभ्या काही मिलिमीटर डोलतोच, आणि तुमच्याकडे आहे पाऊण मिलिमीटर. सहातली एक फ्रेम जमली तर काम झालं म्हणायचं. कॅमेऱ्याखाली जाड कापडाच्या पिशवीत किलोभर ज्वारी भरून ठेवली तर सहातल्या तीन जमतात. पिशवी पूर्ण भरू नका, पाऊण भरा, म्हणजे कॅमेरा तिच्यात रुततो. वाऱ्याला उपाय म्हणजे काठी जमिनीत रोवून तिला कपड्याच्या चिमट्याने देठ सैल धरायचा, फ्रेमच्या खाली. घट्ट धरला तर देठ मोडतो आणि शेत दुसऱ्याचं असतं. शेतात उतरण्याआधी विचारायचं, हे सांगायला लागू नये.

या लेन्सची एक खोड ट्यूब विकत घेण्याआधी समजून घ्यायला हवी. तिची फोकस रिंग यांत्रिक नाही. रिंग फिरवली की कॅमेऱ्याला संदेश जातो आणि मोटर काच हलवते. अ‍ॅपर्चरही कॅमेऱ्याच्या विजेवरच चालतं. त्यामुळे बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या, आत सोनेरी पिना (कॅमेऱ्याची वीज आणि संदेश लेन्सला पोचवणाऱ्या) नसलेल्या ट्यूब हिला निरुपयोगी आहेत: अ‍ॅपर्चर कायम उघडं, रिंग फिरते पण काही होत नाही. जुन्या एफ १.८ II ला निदान रिंग तरी चालते. दुकानदार “चालतं सगळ्याला” म्हणतो. त्याला पिना दाखवा.

पिनावाल्या ट्यूबही दोन बाबतींत गोत्यात आणतात. प्लास्टिकच्या माउंटला किंचित ढिलेपणा असतो. पन्नासची लेन्स हलकी म्हणून निभावतं, पण पिनांवर धूळ बसली की कॅमेरा ‘एरर ०१’ दाखवून बंद पडतो. काळ्या रानात ही धूळ हमखास. कॅमेरा बंद करा, ट्यूब काढा, कोरड्या सुती फडक्याने दोन्हीकडच्या पिना पुसा, परत लावा. पाणी, थुंकी, शर्टाची बाही, काही नको. बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे आणि पाठ वाऱ्याकडे.

दुसरी गोष्ट अधिक छुपी. स्वस्त ट्यूब आतून चकचकीत काळ्या असतात. मागून किंवा बाजूने ऊन आलं की आतल्या भिंतीवर प्रकाश परावर्तित होतो आणि फोटोच्या मध्यावर फिकट, धुरकट डाग येतो. लोक त्याला लेन्सचा दोष समजतात. काही जणांना तो ‘सॉफ्ट’ इफेक्टही वाटतो, पण त्याने रंग मऊ होत नाही, मळतो. इलाज स्वस्त: काळ्या मखमलीची पट्टी ट्यूबच्या आत बसेल एवढी कापायची, कडेच्या पिना आणि त्यांच्या तारा झाकल्या जाणार नाहीत अशी, आणि दुहेरी चिकटपट्टीने चिकटवायची. मखमलीचे धागे सुटत असतील तर कडा आधी डिंकाने बसवून घ्या, नाहीतर ते सेन्सरवर जाऊन बसतात आणि दुखणं वाढतं.

लेन्सचं पुढचं नळकांडं फोकस करताना बाहेर येतं. तेच तिचं नाजूक ठिकाण. फुलाजवळ काम करताना ते फांदीवर, मातीवर आपटतं, म्हणून ईएस-६८ हूड लावा. तो बाहेरच्या अंगाला अडकतो, आतल्या नळकांड्याला धक्का लागू देत नाही. मात्र २१ आणि ३१च्या ट्यूबला हूड फुलावर सावली टाकतो, तिथे काढावा लागेल. बॅगेत ठेवण्याआधी नळकांडं आत गेलंय ना, बघा. बाहेर राहिलं असेल तर कॅमेरा चालू करून रिंगने आत घ्या, बोटाने ढकलू नका.

पर्याय काय? ज्यांच्याकडे कॅननची ५५-२५० एसटीएम आहे त्यांनी पैसे खर्च करण्याआधी तीच काढून बघावी. २५० मिमीला, एफ ५.६ ला, ८५ सेंटीमीटरवर ती ०.२९ पट देते. वरचाच हिशोब लावला तर भोक जवळजवळ ४५ मिमी, गोळा १३ मिमीच्या आसपास. पन्नास-तेराच्या जोडीपेक्षा दीडपट धूसर, आणि फोकसची जाडी तीन मिलिमीटरच्या वर. झाडावरचा पळस, बहावा, कुंपणावरची कण्हेर, गच्चीवरच्या कुंडीतला गुलाब, यांना तीच. हाताला थरथर कमी, सावली पडत नाही. पण ती मागचं सगळं एका रंगात सपाट करून टाकते. पन्नासच्या फोटोत धूसर असूनही शेत शेतासारखं राहतं, ओळी, बांध, दूरच्या झाडाचा आकार. २५० च्या फोटोतली करडई परभणीची की पॅरिसच्या गुलदस्त्यातली, कळत नाही. शिवाय एफ ५.६ ला सकाळी सातच्या उजेडात आयएसओ ३२०० पर्यंत चढतो.

लेन्सच्या तोंडाला स्क्रूसारखे लागणारे क्लोज-अप फिल्टर हा तिसरा मार्ग. ४९ मिमीचा अधिक ४ नंबरचा फिल्टर ०.२ पट वाढवतो, उजेड खात नाही, एररही देत नाही. एका काचेचे स्वस्त फिल्टर कडांना रंग फाडतात, मध्यभाग बरा ठेवतात. या कामाला ते चक्क शोभतं. नवीन माणसाने यापासूनच सुरुवात केली तर हरकत नाही. अधिक १० मात्र घेऊ नये, त्याचा मध्यही मऊ पडतो. १०० मिमी मॅक्रो ही सगळ्यांहून चांगली लेन्स आहे यात वाद नाही, पण तिचं वजन ६०० ग्रॅम आणि किंमत वेगळ्याच गावची. नुसत्या मऊ फुलांसाठी तिची गरज नाही.

मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेला कॅमेरा) कॅननची आरएफ ५० एफ १.८ घेतली असेल तर ती ३० सेंटीमीटर आणि ०.२५ पटीपर्यंत जाते, म्हणजे थोडी पुढेच. हिशोब तोच, फिल्टर ४३ मिमीचा. ट्यूब मात्र आरएफ माउंटची घ्यावी लागेल. निकॉनची ५० एफ १.८जी ४५ सेंटीमीटरलाच थांबते, ०.१५ पट, तिला ट्यूब अधिक गरजेची.

ट्यूब दुकानात बघूनच घ्या, आणि कॅमेरा, लेन्स सोबत न्या. ट्यूब लावून एफ ८ ला एक फोटो, एफ १.८ ला एक. दोन्हींची खोली सारखीच दिसली तर अ‍ॅपर्चर चालत नाही. एमएफवर रिंग फिरवून लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र बदलतंय का बघा. लेन्स धरून हलकेच डावी-उजवी पिळा, खटखट ऐकू आली तर दुसरा नग मागा. मग लेन्स काढा, नुसती ट्यूब डोळ्याला लावून दाराकडच्या उजेडात तिरपी धरा. आतली भिंत आरशासारखी चमकली तर किमतीत मखमलीचे पैसे कापून घ्या.